मापाच्या वहीतली माणसं

गेल्या महिन्यात पुण्याहून भाच्याचा मेसेज आला. "आत्या, रेसकोर्स बंद करून तिथे सार्वजनिक बाग करा, असं निवेदन काढतोय. तू सही कर. तू इंग्लंडात राहतेस, तीही घोड्यांच्या गावात. तुझ्या सहीला वजन येईल." खाली कारणं लिहिली होती. मुंबईत महालक्ष्मीच्या 211 एकरांपैकी 120 एकर जागा सार्वजनिक बागेसाठी द्यायचं 2024 मध्ये ठरलं, मग पुण्यानं मागे का राहायचं? रेस म्हणजे जुगार. घोड्यांचे हाल होतात. शहरात श्वास घ्यायला मोकळी जागा उरलेली नाही.

दुसऱ्या दिवशी घरच्याच ग्रुपवर माझा मावसभाऊ कडाडला. 1830 पासूनचा रेसकोर्स, पुण्याची ओळख, तबेल्यांत घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दारांपासून नालबंदापर्यंत किती घरं त्यावर चालतात, आणि सरकारनं रेसवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 40 वर नेऊन आधीच गळा आवळलाय, आता तुम्ही उरलासुरला जीवही घ्या, असं त्याचं म्हणणं.

मी दोघांचंही दोनदा वाचलं. जमीन आली, कर आला, घोडा आला, मालक आले, पैसे लावणारे आले. घोड्याच्या पाठीवर बसणारा माणूस, म्हणजे जॉकी, मात्र दोघांच्याही लिहिण्यात कुठे नव्हता. तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

माझे वडील शिंपी होते. कॅम्पात, भोपळे चौकापासून चार पावलांवर त्यांचं दुकान होतं. वर्षभर शाळांचे गणवेश आणि सफारी सूट, पण जून उजाडला की दुकानाचा रंग पालटायचा. घोडे पावसाळ्यासाठी मुंबईहून पुण्याला यायचे, जुलैपासून सीझन सुरू व्हायचा, आणि आमच्या टेबलावर साटीनचे तागे उलगडायचे. प्रत्येक घोडेमालकाचे रंग ठरलेले आणि नोंदवलेले असतात. हिरव्यावर पिवळे पट्टे, जांभळ्या बाह्या, लाल टोपी. जॉकी बदलतो, रंग मालकाचेच राहतात. वडील ती जॅकेटं शिवायचे. कापड हलकं लागतं, खिसा नाही, अस्तर नाही, बाही मनगटाशी घट्ट. बटणाचंसुद्धा वजन बघायचं. मी शाळेतून आले की काज करायला बसायचे.

जॉकींच्या स्वतःच्या ब्रीचेस, म्हणजे घट्ट विजारीही वडील शिवायचे, त्यामुळे त्यांची मापं आमच्या वहीत असायची. एरवीच्या गिऱ्हाइकाचं माप एकदा लिहिलं की दोन-तीन वर्षं चालायचं, आणि बदललंच तर वाढायचं. जॉकीला ठरलेल्या वजनातच बसावं लागतं, म्हणून त्याच्या पानावर खाडाखोड असायची. कमर 27, त्यावर काट, 26, त्यावर काट, साडेपंचवीस. छाती 34 तशीच.

त्यातला एक जॉकी मला चांगला आठवतो. त्याचं नाव इथे लिहीत नाही, त्याची मुलंनातवंडं पुण्यात आहेत. त्या काळी रेसच्या दिवशी अर्ध्या कॅम्पाच्या तोंडी त्याचं नाव असायचं. ऑगस्टमधली संध्याकाळ होती, पाऊस लागलेला. तो दुकानात आला तो स्वेटरवर प्लास्टिकचा कोट घालून, पळत. घाम काढण्यासाठी वानवडीपर्यंत पळून आला होता. वडिलांनी टेप लावली. "मास्टर, अजून अर्धा इंच आत घ्या," तो म्हणाला. वडील म्हणाले, "आता शिलाईला कापडच उरत नाही, किती आत घेऊ?" मग त्यांनी चहा मागवला. त्यानं कप दोन्ही हातांत धरला, वाफ तोंडावर घेतली, एक घोट तोंडात घेतला, बराच वेळ तसाच धरला आणि पायरीवर जाऊन गटारात थुंकला. मी नऊ वर्षांची. मला वाटलं, चहात काही पडलंय. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "चहा चांगलाय, बाळ. पण गिळला तर उद्या काट्यावर दिसतो."

दुसऱ्या दिवशी वडील मला रेसकोर्सवर घेऊन गेले. कठड्याशी उभं राहिलं की आधी टापांचा आवाज पायांना लागतो, मग कानांना. तो जिंकला. माणसं त्याच्या नावानं ओरडत होती, एकमेकांना मिठ्या मारत होती. त्यानंतरच्या रेसमध्ये लोकांनी सर्वात जास्त पैसे लावलेला त्याचा घोडा चौथा आला, आणि त्याच माणसांनी त्याच्या आईबहिणीचा उद्धार केला. ओल्या मातीवर फाडलेली तिकिटं पसरली होती. वडिलांनी माझ्या कानांवर हात ठेवले. मला त्या शिव्यांपेक्षा त्याचा चेहरा आठवतो. चिखलानं भरलेला, गॉगलच्या जागी दोन स्वच्छ गोल, आणि नजर सरळ समोर. खोगीर हातावर घेऊन तो वजनकाट्याकडे चालत गेला. जिंकलं तरी काटा, हरलं तरी काटा.

त्याच वर्षांत पॅडॉकमध्ये, म्हणजे रेसआधी घोडे फिरवतात त्या आवारात, जॉकी पेसी श्रॉफ यांना घोड्यावर बसताना मी अगदी जवळून पाहिलं. पुढे 1,700 हून अधिक विजय त्यांच्या नावावर जमा झाले, 2004 मध्ये ते निवृत्त झाले आणि ट्रेनर म्हणूनही गाजले. पण त्या दिवशी माझं लक्ष त्यांच्या जॅकेटाच्या बाहीकडे होतं. ती आमच्या दुकानातली होती की नाही हे ओळखायचा मी प्रयत्न करत होते. वडील जॉकी वसंत शिंदे यांचं नाव घ्यायचे ते अभिमानानं, आपल्यातला माणूस म्हणून. आता सूरज नरेडू आणि संदेश आखाडे यांची नावं रेसच्या पानावर वाचते. ते पान उघडत नाही त्या पुणेकराला यातलं एकही नाव ठाऊक नसतं. क्रिकेटमधला बारावा खेळाडू आपल्याला माहीत असतो.

लग्नानंतर मी इकडे आले. नवऱ्याची नोकरी केंब्रिजला, घर परवडलं ते न्यूमार्केटला. छोटं गाव, पण सरावातले घोडे अडीच-तीन हजार. सकाळी रस्त्यावर घोड्यांची रांग ओलांडायला आली की गाड्या थांबतात. हॉर्न कुणी वाजवत नाही, शाळेला उशीर झालेला असला तरी. वॉरन हिलच्या चढावर पहाटे घोडे वर जाताना दिसतात, एकेकाच्या नाकातून वाफ. पहिल्या हिवाळ्यात मी तिथे उभी राहून रडले होते. रेसकोर्सच्या कठड्याशी वडिलांच्या हाताला धरून उभी राहिले होते, तेच आठवलं.

मग कळलं की या गावाचा आपल्याशी जुना संबंध आहे. बडोद्याच्या महाराजांनी, प्रतापसिंह गायकवाडांनी, इथे स्टड फार्म उभारला होता. त्यांनी 28,000 गिनींना, म्हणजे त्या काळातल्या विक्रमी किमतीला, एक शिंगरू घेतलं आणि त्याचं नाव ठेवलं सयाजीराव. 1947 च्या सप्टेंबरात, आपल्याला स्वातंत्र्य मिळून महिना झालेला असताना, डॉन्कास्टरला सेंट लेजर ही मोठी रेस जिंकणारा घोडा होता सयाजीराव. इंग्रज निवेदकानं ते नाव कसं उच्चारलं असेल याचा मी पुष्कळदा विचार करते. पाठीवर होता एडगर ब्रिट हा ऑस्ट्रेलियन जॉकी. 1943 ची पहिली इंडियन डर्बी महालक्ष्मीला झाली, तेव्हा महाराजांच्याच प्रिन्सेस ब्यूटिफुल या घोडीवर तोच होता. हे मला इथल्या लोकांनी सांगितलं. घोड्याचं आणि महाराजांचं नाव पुण्यात एखाद्याला सांगता येईलही, ब्रिटचं नाव घेणारा मला तिथे भेटलेला नाही.

इथली माणसं जॉकींच्या गोष्टी सांगतात, आपल्याकडे कीर्तनकार संतांच्या सांगतात तशा. जॉकी लेस्टर पिगॉटच्या सर्वात जास्त. एप्सम डर्बी नऊ वेळा जिंकलेला माणूस, पहिली अठराव्या वर्षी, 1954 मध्ये. त्याला एका कानानं कमी ऐकू यायचं आणि पैशाला तो चिकट होता. एका मोतद्दारानं जिंकलेल्या घोड्याबद्दल एक पौंड बक्षीस मागितलं. "ऐकू येत नाही, या कानात सांग," पिगॉट म्हणाला. पोरगा त्या कानात म्हणाला, "दोन पौंड द्या." त्यावर पिगॉट म्हणे, "पुन्हा त्या एक पौंडाच्या कानात सांग बरं." खरंखोटं देव जाणे, पण सगळं गाव ही गोष्ट सांगतं. दुसरी मात्र पक्की खरी आहे. 1979 मध्ये फ्रान्समध्ये दोव्हिलला भर रेसमध्ये त्याचा चाबूक पडला, तर त्यानं शेजारच्या जॉकीच्या हातातला काढून घेतला आणि त्यासाठी बंदी भोगली. कर चुकवला म्हणून 1987 मध्ये तुरुंगात गेला, सुटून आला, 1990 मध्ये चौपन्नाव्या वर्षी पुन्हा घोड्यावर बसला आणि बारा दिवसांत अमेरिकेत ब्रीडर्स कप माइल ही रेस जिंकला. मी त्याला हाय स्ट्रीटवर एकदाच पाहिलं, दुरून. वाकलेला, गप्प, पेपर काखेत. आपल्याकडे लोकांनी गराडा घातला असता. इथे दोन म्हाताऱ्यांनी टोप्या उचलल्या आणि वाट दिली. 2022 मध्ये तो गेला. इंग्लंडातल्या नऊ रेसकोर्सवर त्याचे पुतळे आहेत. घोड्यांचे नव्हेत, त्याचे.

पण इथे सगळं छान आहे असं समजू नका. याच गावच्या दफनभूमीत जॉकी फ्रेड आर्चर आहे. तेरा वर्षं सलग चॅम्पियन, 2,748 विजय. उंची पाच फूट दहा इंच. त्या उंचीच्या माणसानं उपाशी राहून आणि जुलाबाचं औषध पिऊन वजन उतरवलं, तापानं भ्रम झाला, आणि 1886 मध्ये एकोणतिसाव्या वर्षी स्वतःवर गोळी झाडून घेतली. त्याच्या थडग्यापाशी मी गेले तेव्हा मला आमच्या पायरीवरचा चहाचा घोट आठवला. रोग एकच. भूक ही या धंद्याची रोजची गोष्ट आहे, देश कोणताही असो. सट्ट्याच्या दुकानांनी इथल्याही बाजारपेठा भरल्या आहेत, आणि त्यात घरं बुडतात. ग्रँड नॅशनल या अडथळ्यांच्या रेसमध्ये घोडे मरतात म्हणून इथेही निदर्शनं होतात. 2024 पासून तिथले घोडे चाळीसवरून चौतीस केले.

फरक आहे तो वादात कोण असतं याचा. घोड्याला चाबूक किती मारायचा यावर इथे वर्षानुवर्षं भांडण झालं. 2023 पासून सपाट रेसमध्ये सहा आणि अडथळ्यांच्या रेसमध्ये सात वेळाच मारता येतो. त्या चर्चेत जॉकी स्वतः बोलत होते, पटलं नाही तिथे उघड विरोध करत होते, आणि पेपर छापत होते. रेसकोर्सवर जॉकींना घाम काढायला सौना असायच्या. कोविडात बंद झाल्या त्या पुन्हा उघडल्याच नाहीत, कारण शरीर असं सुकवणं घातक आहे हे मान्य झालं. दोन जॉकी पडून पंगू झाले, तेव्हा 1964 मध्ये जखमी जॉकींसाठी एक निधी सुरू झाला. आज त्याची लॅम्बर्न, मॉल्टन आणि आमच्या न्यूमार्केटला अशी तीन पुनर्वसन केंद्रं आहेत. व्यायाम, पोहण्याचा तलाव, आणि रेस सुटल्यावर आयुष्याचं काय करायचं याचा सल्लाही. 2025 मध्ये सट्ट्यावरचा कर 15 वरून 21 टक्के होईल म्हणून 10 सप्टेंबरला इथल्या सगळ्या रेस एक दिवस बंद ठेवल्या गेल्या, आणि लंडनमधल्या निषेधात जॉकी ट्रेनरांच्या बरोबरीनं होते. त्याच महिन्यात आपल्याकडे कर 40 टक्के झाला. त्यावर मी जे वाचलं त्यात क्लब होते, मालक होते, सरकारचा महसूल होता.

मी इथे कपड्यांची दुरुस्ती करते. दुकान एका ड्रायक्लीनरच्या मागच्या खोलीत. दोन वर्षांपूर्वी एक जॉकी सूट घेऊन आला, अंत्ययात्रेला जायचं होतं, सूट सैल पडत होता. इथल्या लोकांना त्याचं नाव माहीत आहे, म्हणून लिहीत नाही. मी टेप लावली. छाती 34. कमर साडेपंचवीस. माझा हात थांबला. त्यानं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, माझे वडील पुण्याला हेच माप घ्यायचे. मग तो खुर्चीवर बसून अर्धा तास बोलला. हासळीचं हाड चार वेळा मोडलेलं, डाव्या हाताची करंगळी सरळ होत नाही, आठ आठवडे निधीच्या केंद्रात काढले तेव्हा पुन्हा बसता आलं. जाताना त्यानं विचारलं, "तुमच्याकडच्या त्या जॉकींचं पुढे काय झालं?"

माझ्याकडे एकाच जॉकीचं उत्तर होतं. 2019 मध्ये वडील गेले तेव्हा मी पुण्याला दीड महिना होते. रोज पहाटे एम्प्रेस गार्डनच्या बाजूनं फिरायला जायचे. तिथे एक ठेंगणा म्हातारा दिसायचा, उजवा खांदा खाली उतरलेला, तरी चाल ताठ. एकदा तोच थांबला. "तुम्ही मास्टरांच्या ना?" चहा गटारात थुंकणारा तो हाच. मी त्याला ओळखलं नाही, त्यानं मला ओळखलं, वडिलांसारखी चालतेस म्हणाला. टपरीवर आम्ही चहा घेतला. त्यानं साखर दोन चमचे सांगितली आणि पूर्ण कप प्यायला. मग सांगत गेला. घोडा पाय घसरून पडला, मागचे दोन वरून गेले. पाच महिने घरात. हॉस्पिटलचं पहिलं बिल एका मालकानं भरलं, पुढची बायकोच्या बांगड्यांनी. खांदा नीट बसलाच नाही. नंतर एका घोडेवाल्याकडे पोरांना बसायला शिकवायचं काम मिळालं, ते सुटलं, आता मुलगा सांभाळतो. कुणाला नाव ठेवलं नाही. "रेसनं मला पोटाला दिलं, आणि पोट मारायलाही शिकवलं," एवढंच म्हणाला.

आता भाच्याकडे वळते. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. पुण्याला मोकळी जागा हवी, हे मी लहानपणापासूनचं पुणं बघून सांगते. तो रेसला जुगार म्हणतो, त्याबद्दल मात्र एक सांगते. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की घोड्यांची रेस हा प्रामुख्यानं कौशल्याचा खेळ आहे, नुसत्या नशिबाचा नाही. आज रेस कायद्यानं उभी आहे ती या पायावर. यातलं कौशल्य आहे कुणाचं? पैसे लावणारा अभ्यास करतो हे मान्य. पण पन्नास किलोचा माणूस पाचशे किलोच्या जनावराला ताशी साठ किलोमीटरनं पळवतो, दोन घोड्यांमधल्या हातभर फटीतून काढतो, कधी आवरायचं आणि कधी सोडायचं हे अर्ध्या सेकंदात ठरवतो. कोर्टात त्याच्या कसबावर खेळ तरला, आणि बाहेर आलो की आपण त्याला विसरलो. मावसभावालाही हेच विचारते. तू पुण्याची शान म्हणतोस, त्या शानीतल्या पाच जॉकींची नावं सांग.

बैलगाडा शर्यतीचं उदाहरण घ्या. आमचं मूळ गाव ओतूरजवळ. 2014 मध्ये बंदी आली, डिसेंबर 2021 मध्ये शर्यती परत सुरू झाल्या, मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राज्याचा कायदा कायम ठेवला. या सगळ्या वर्षांत बैलाबद्दल, शेतकऱ्याच्या परंपरेबद्दल, प्राणीप्रेमींबद्दल मी केवढं तरी वाचलं. आमच्याकडच्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, बैलांच्या पुढे घोडी पळते आणि तिच्यावर एक पोरगा असतो, बहुतेक वेळा खोगिराशिवाय. बारी लागली, म्हणजे गाडा सुटला, की त्याच्या मागे चार बैल उधळलेले असतात. तो पडला तर काय, हे मी कुठेच वाचलं नाही. कुणी त्याची जत्रेपुरती पाठ थोपटतं, फेटा बांधतं, तेवढंच.

म्हणून मी सही देईन, पण आहे त्या निवेदनावर नाही. त्यात हे आधी घाला. रेसकोर्स राहो की बाग होवो, आज पुण्यात घोड्यावर बसणाऱ्या प्रत्येक जॉकीचा, शिकाऊ पोरांचा आणि पहाटे नुसता सराव देणाऱ्या स्वारांचा अपघात विमा आहे का, किती रकमेचा, हे जाहीर व्हावं. पडून निवृत्त झालेल्यांची यादी व्हावी आणि उपचारांचा खर्च कोण करतं ते लिहिलं जावं. कर 40 टक्के घ्यायचाच असेल तर त्यातला एक हिस्सा याच माणसांच्या हाडांवर खर्च व्हावा. आणि उद्या रेस बंद केलीत, तर वयाच्या पंधराव्या वर्षी शाळा सोडून घोड्यावर बसलेला माणूस पस्तिसाव्या वर्षी काय करणार, याचं उत्तर बागेच्या नकाशासोबत द्यावं. मावसभावानं त्याच्या बाजूचं निवेदन काढलं तर त्यालाही मी हेच घालायला सांगेन.

वडिलांची मापाची वही भावानं जपून ठेवली आहे. मी ऑगस्टमध्ये येते आहे, सीझनमध्ये. भाच्याला सांगितलंय, एक दिवस पहाटे साडेपाचला माझ्याबरोबर एम्प्रेस गार्डनच्या बाजूला चल, वही बरोबर घे. तो म्हातारा अजून येत असेल तर त्याच्या पानावर त्याचं पूर्ण नाव लिहून घ्यायचंय. वडिलांनी तिथे नुसतं "छोटू जॉकी" लिहिलंय.